डबल टिक म्हणजे पोचपावती नव्हे!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मागच्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या ग्रुपवर डेंग्यूचा जो मेसेज फिरत होता, तो आमच्या मजल्यावर आणणारा मीच! मेसेज साधारण असा होता: पपईच्या पानांचा रस दिवसातून दोनदा घ्या, दोन दिवसांत प्लेटलेट्स वाढतात, ताप उतरला की धोका टळला, आणि शेवटी नेहमीचंच, 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा, एखाद्याचा जीव वाचेल.' मावशीच्या ग्रुपवरून आला, मी दुसऱ्या सेकंदाला पुढे ढकलला. एखाद्याचा जीव वाचत असेल तर आपलं काय जातं!

त्याच आठवड्यात माझ्या रूम पार्टनरला ताप आला. दवाखान्यात रक्त तपासलं, एनएस-१ पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉल दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि रोज येऊन दाखवायला सांगितलं. चार दिवस तो गेला. पाचव्या दिवशी ताप उतरला. सबमिशन डोक्यावर, जर्नल्स कोरी. म्हणाला, "आता कशाला जायचं? तुझ्याच मेसेजात आहे की, ताप उतरला म्हणजे संपलं." मीही मान डोलावली आणि पपईचा पाला आणायला गेलो.

रात्री त्याच्या पोटात जोरात दुखायला लागलं. उलट्या थांबेनात. हातपाय गार पडले. दोन वाजता वॉचमन काकांनी रेक्टर सरांना उठवलं आणि सरांच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटल गाठलं. तीन दिवस तो आयसीयूत होता. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं की डेंग्यूत खरी जपायची वेळ बहुतेकदा ताप उतरतानाच येते, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास. तेव्हा काही रोग्यांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर पाझरतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. नुसता प्लेटलेट्सचा आकडा बघत बसून हे कळत नाही. "ताप उतरला की धोका टळला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं त्यांनी विचारलं. रूम पार्टनरने काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

सकाळी त्याचे वडील पहिल्या एसटीने आले. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी मोबाईल मागितला, चष्मा लावून तो मेसेज एकेक शब्द करत वाचला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "पण यात तर बरं होतं असं लिहिलंय." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. कॉलेजने डेंग्यूची नोटीस काढलेली होती. तीही त्याच ग्रुपवर होती. दोन पानी, इंग्रजी, पीडीएफ. त्यात दुसऱ्या पानावर ताप उतरल्यानंतरची धोक्याची लक्षणं अगदी बरोबर दिलेली होती. म्हणजे खरी माहिती आणि खोटी माहिती दोन्ही एकाच ग्रुपवर, एकाच दिवशी, एकाच लोकांसमोर. खोटी वाचली गेली, खरी डाऊनलोडसुद्धा झाली नाही. टी.ई.च्या सेमिनारसाठी मी विषय शोधतच होतो. तो असा समोर येऊन उभा राहिला: आरोग्याची माहिती देण्यासाठी सोशल मीडिया कसा वापरावा? त्या सेमिनारमधून आणि नंतरच्या एका कॉन्फरन्समधून जे शिकलो ते इथे मांडतो.

शॅननने काय बाजूला ठेवलं होतं?

इ. अँड टी.सी.वाल्यांना शॅनन माहीत आहेच. बाकीच्या ब्रँचेससाठी सांगतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. आजचा मोबाईल, इंटरनेट, सगळं त्या पायावर उभं आहे. माहितीचा स्रोत, ट्रान्समीटर, चॅनेल, नॉईज, रिसीव्हर आणि शेवटी ज्याला संदेश हवा तो, ही आकृती आपण व्हायवासाठी पाठ करतो. पण त्याच पेपरच्या सुरुवातीला शॅनन यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. संदेशाचा अर्थ काय, हा इंजिनिअरिंगच्या प्रश्नाचा भाग नाही. इकडचे बिट्स तिकडे जसेच्या तसे पोहोचले की आपलं काम झालं.

टेलिफोन कंपनीसाठी हे अगदी योग्य होतं. पण आरोग्याच्या बाबतीत नेमका अर्थच महत्त्वाचा! व्हॉट्सअ‍ॅपवर एक टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला, निळ्या टिक म्हणजे त्याने उघडला. इथे यंत्राचं काम संपतं. त्याला समजला का? पटला का? त्याप्रमाणे तो वागणार का? याची टिक अजून कोणी काढलेली नाही. माझ्या मेसेजच्या सगळ्या टिक निळ्या होत्या, हे विसरू नका.

मीठ-पाणी, लागोस, २०१४

सेमिनारसाठी वाचताना पहिल्यांदा नायजेरियाचं उदाहरण सापडलं. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियातून विमानाने आलेला एक प्रवासी इबोला घेऊन लागोसला उतरला. लागोस म्हणजे दाटीवाटीत मुंबईची बहीण! तिथे इबोला पसरला तर काय होईल, या कल्पनेनेच जगभरच्या तज्ज्ञांचे धाबे दणाणले. आणि ऑगस्टमध्ये एसएमएसवर आणि सोशल मीडियावर एक मेसेज सुटला: मिठाच्या पाण्याने आंघोळ करा आणि मीठ-पाणी प्या, इबोला होत नाही. लोकांनी ते मनावर घेतलं. मीठ-पाणी पिऊन किमान दोन जण दगावल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात सांगितलं. रोगाने नव्हे, उपायाने माणसं गेली!

पण त्याच नायजेरियाने पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. सरकारने, डॉक्टरांनी आणि तरुणांनी त्याच फेसबुक-ट्विटरवर अफवांचे खुलासे केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. रुग्णांच्या संपर्कात आलेली ८९४ माणसं शोधून काढली आणि त्यांच्याकडे सुमारे १८,५०० वेळा प्रत्यक्ष जाऊन चौकशी केली. समोरासमोर बसून, ताप मोजून, शंका ऐकून. एकूण २० जणांना लागण झाली, ८ जण गेले आणि २० ऑक्टोबर २०१४ रोजी नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. मेसेज लाखो लोकांपर्यंत क्षणात जातो हे खरं, पण विश्वास एकेका दारातूनच आत शिरतो.

इराणचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. २०२० च्या सुरुवातीला दारू प्यायल्याने कोरोना बरा होतो अशी अफवा तिथे पसरली आणि मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शेकडो लोक मेले. याच काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रॉस यांनी म्युनिकच्या परिषदेत सांगितलं की आपण फक्त साथीशी लढत नाही, 'इन्फोडेमिक'शीही लढतोय. इन्फोडेमिक म्हणजे माहितीची साथ. खरी आणि खोटी माहिती इतकी बदाबदा कोसळते की गरजेची माहिती सापडतच नाही. आपल्या ग्रुपवर दिवसाला जेवढे मेसेज पडतात ते आठवा, म्हणजे कळेल!

झॉम्बी आले, बॅग भरली नाही

'मग आपणही मेसेज चटपटीत करू, मीम बनवू!' असं तुम्ही म्हणाल. मीही सेमिनारच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलने बाजूला एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि मग मला झॉम्बी सापडले.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मे २०११ मध्ये एक मोहीम काढली. चक्रीवादळ, भूकंप यांची तयारी करा, असं सांगून लोक कंटाळले होते. म्हणून त्यांनी सांगितलं, 'झॉम्बी आले तर काय कराल?' पाणी, टिकाऊ अन्न, औषधं, बॅटरी, कागदपत्रं हे सगळं भरून ठेवा, कारण जी तयारी झॉम्बींसाठी तीच वादळासाठी! लोक एवढे तुटून पडले की सर्व्हरच कोसळला. आपल्या भाषेत सांगायचं तर मेसेज 'हिट' झाला.

पण २०१५ साली या मोहिमेवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना विनोदी झॉम्बी-मेसेज दाखवला, त्यांचा प्रत्यक्ष तयारी करण्याचा इरादा साध्या मेसेजवाल्यांपेक्षा कमी निघाला. लोकांनी वाचलं, हसले, शेअर केलं. बॅग मात्र भरली नाही. विनोद वाईट असं मी म्हणत नाही, लक्ष वेधायला तो लागतोच. पण लक्ष वेधल्यावर पुढची पायरी काय, हे ठरवलेलं नसेल तर सगळी मेहनत टाळ्या घेऊन जाते.

एक गतिरोधक

दुसऱ्या बाजूने, इंजिनिअरच्या हातात काय आहे तेही बघू. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाईलवर गावोगाव फिरत होत्या. विषय आरोग्याचा नव्हता, पण यंत्र तेच होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणण्याचं जाहीर केलं. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल केला. दोन बाणांचं चिन्ह येतं ना, तो मेसेज. त्यानंतर असे मेसेज पुढे जाण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

म्हणजे बघा, कोणाचं तोंड बंद केलं नाही, मेसेज वाचला नाही, फक्त रस्त्यावर एक गतिरोधक टाकला. पण गतिरोधक रुग्णवाहिकेलाही लागतो! खरा मेसेजही हळू जातो. आणि कॉपी-पेस्ट करणाऱ्याला कोण अडवणार? वेग कमी करणं हे यंत्राचं काम झालं, थांबून विचार करणं हे आपलंच राहतं.

आमचा प्रयोग

आता हॉस्टेलवर परत येऊ. रूम पार्टनर बरा होऊन आल्यावर आम्ही दोघांनी आणि एन.एस.एस.च्या मुलांनी ठरवलं की तीच नोटीस पुन्हा लिहायची. मदतीला तालुका आरोग्य कार्यालयातले एक सर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वाचून मुलानं नेमकं काय करायचं आहे?" आम्ही गप्प. कारण आमच्या ड्राफ्टमध्ये डेंग्यूची व्याख्या होती, विषाणूचे चार प्रकार होते, डासाचं शास्त्रीय नाव होतं. करायचं काय, तेच नव्हतं!

मग लिहिलं ते असं:

दर रविवारी कूलर, बादल्या, पिंप रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. हा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसाही फुल बाह्यांचा शर्ट घाला. ताप आला तर दवाखान्यात जा, मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी दाखवायला जाच. आणि पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, खूप सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, रेक्टर सरांना उठवा.

पाचच गोष्टी, मराठीत आणि हिंदीत, पीडीएफ नाही, सरळ मेसेज. प्रत्येक सूचनेला 'कारण' जोडलं, कारण आपण इंजिनिअर मंडळी, कारण सांगितल्याशिवाय ऐकतो थोडेच! पपईच्या रसाचंही खरं ते लिहिलं. त्यावर काही अभ्यास झालेत, पण तो डॉक्टरांना पर्याय नाही आणि रस घेतला म्हणून तपासणी चुकवायची नाही.

खाली नाव कोणाचं टाकायचं यावर बरीच चर्चा झाली. नुसतं 'आरोग्य समिती' लिहिलं तर कोणी हिंग लावून विचारत नाही. शेवटी रूम पार्टनर म्हणाला, "माझं नाव टाका. सगळ्यांना माहितेय मी कुठे जाऊन आलोय." त्याच्या नावाने मेसेज गेला.

आता पोचपावती. डॉक्टर लोकांमध्ये 'टीच-बॅक' नावाची एक पद्धत आहे. रोग्याला औषध समजावून झालं की 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण उत्तर 'हो'च येतं. (लेक्चरला आपण काय करतो?) त्याऐवजी म्हणायचं, 'मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही काय कराल, ते सांगा बरं.' रोग्याच्या शब्दांत उत्तर आलं की चूक लगेच दिसते, आणि चूक रोग्याची नाही, सांगणाऱ्याची धरायची. नेटवर्क्सच्या पेपरमधलं टीसीपी आठवा. पलीकडून अ‍ॅक्नॉलेजमेंट आली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवायचं. यूडीपीत पाठवलं की हात झटकले! आमची पीडीएफ नोटीस म्हणजे निव्वळ यूडीपी.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रुपवर एकच प्रश्न टाकला: 'डेंग्यूचा ताप उतरला. आता काय कराल? एका ओळीत लिहा.' उत्तरं बघून डोळे उघडले. 'पार्टी', 'सबमिशन' वगैरे ठीक आहे. पण मनापासून उत्तर देणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांनी लिहिलं, 'आराम' किंवा 'औषध बंद'. मेसेज सगळ्यांनी वाचला होता, काही जणांनी तर अंगठाही दिला होता! मग ती ओळ आम्ही सगळ्यात वर घेतली, पुन्हा लिहिली, आणि प्रत्येक विंगचा प्रतिनिधी संध्याकाळी खोल्या-खोल्यांतून बोलून आला. रविवारी रिकाम्या कूलरचे फोटो मागवले. ते आले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हां, आता मेसेज पोहोचला.

कॉन्फरन्समधला माझा प्रताप

या अनुभवाच्या जोरावर, आमच्या डिपार्टमेंटने हेल्थकेअर टेक्नॉलॉजीवर कॉन्फरन्स घेतली तेव्हा सोशल मीडिया डेस्क माझ्याकडे आला. कॉन्फरन्समध्ये सोशल मीडिया कशाला, असं काही सरांचं मत होतं. पण उपयोग आहे. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना सुचवली आणि पुढे जगभरच्या वैद्यकीय परिषदांनी ती उचलली. परिषदेचा एक हॅशटॅग ठरवला की दूर गावातल्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, ज्याला प्रवासखर्च आणि फी परवडत नाही, तोही काय चाललंय ते वाचू शकतो, प्रश्न विचारू शकतो. दोन समांतर हॉलमध्ये सेशन्स असतील तर इकडे बसून तिकडचं कळतं. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं 'एक्स' झालं, काही संशोधक दुसऱ्या माध्यमांवर गेले, पण पद्धत तीच राहिली.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे 'व्हिज्युअल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट'. २०१६ साली अमेरिकेतले सर्जन अँड्र्यू इब्राहिम यांनी 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी' या जर्नलसाठी ही कल्पना राबवली. पूर्ण पेपरचं सार एका चित्रात: वर प्रश्न, खाली दोन-तीन मुख्य निष्कर्ष, प्रत्येकाला एक चिन्ह आणि एक आकडा, कोपऱ्यात जर्नलचं नाव. ४४ पेपर घेऊन त्यांनी तुलना केली. नुसतं शीर्षक टाकलेलं ट्विट आणि चित्र टाकलेलं ट्विट. चित्राच्या ट्विटचं रीट्विट सरासरी ११ वरून ९२ वर गेलं, म्हणजे आठपटीहून जास्त! आणि मूळ पेपर उघडणारे? ६५ वरून १७५. पावणेतीन पटीच्या आसपास. वाढ चांगलीच आहे, पण आकड्यांमधली दरी बघितलीत का? पुढे ढकलण्याचा उत्साह आठपट, उघडून वाचण्याचा तिप्पटसुद्धा नाही. डॉक्टर असो की आमच्या मजल्यावरचा एफ.ई.चा पोरगा, बोट मेंदूच्या पुढे धावतं!

आणि माझंही धावलं. पहिल्या दिवशी एका मेडिकल कॉलेजहून आलेल्या मॅडमचं लेक्चर सुरू होतं. एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. स्लाईड सुंदर होती. मी फोटो काढला, हॅशटॅग लावला, टाकला. दहा मिनिटांत मॅडमच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला, 'तो फोटो ताबडतोब काढा.' मोठा करून पाहिला तर एक्स-रेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रोग्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक! हॉलमधल्या लोकांना ते दिसलंही नसेल. माझ्या बारा मेगापिक्सेलला दिसलं. शिवाय खालचा तक्ता अजून कुठे प्रसिद्ध न झालेल्या कामाचा होता. फोटो काढून टाकला, पण तोवर तो पुढे गेलाच होता. चहाच्या वेळी मॅडमची माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "स्लाईडवर नाव राहिलं ही माझी चूक. पण माझी चूक या खोलीत होती, तुम्ही ती गावभर केलीत."

वर्षभरात दुसऱ्यांदा मी तेच केलं होतं. एकदा खोटं पुढे ढकललं, एकदा खरं. दोन्ही वेळा हेतू चांगला होता आणि दोन्ही वेळा वाचायला थांबलो नव्हतो. ज्या माणसाचा एक्स-रे होता त्याने बरं व्हायला दवाखान्यात विश्वासाने दिलेली ती माहिती. त्याला विचारलं कोणी?

त्या रात्री बसून मी डेस्कसाठी काही नियम लिहिले. पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी इथे देतो.

१. हॅशटॅग आधी शोधून बघा, दुसऱ्या कोणाचा नाही ना. छोटा ठेवा आणि निमंत्रणपत्रिकेपासूनच छापा.

२. प्रत्येक वक्त्याला आदल्या दिवशी विचारा: स्लाईडचे फोटो टाकले तर चालतील का? नको असेल तर त्यांच्या स्लाईडवर कोपऱ्यात तसं चिन्ह टाकून घ्या.

३. रोग्याचा चेहरा, नाव, नंबर, रिपोर्ट दिसत असेल तर वक्त्याची परवानगी असली तरी टाकायचं नाही. परवानगी रोग्याची लागते.

४. वक्ता काय म्हणाला आणि तुम्हाला काय वाटलं, हे वेगवेगळं लिहा. 'उंदरांवर प्रयोग झालाय' यातले 'उंदीर' अक्षरं वाचवण्यासाठी गाळू नका! तेवढ्याने 'औषध सापडलं' अशी बातमी होते.

५. एक जण लिहील, दुसरा वाचेल, मग पोस्ट होईल. दोन मिनिटं उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही.

६. चूक झाली तर गुपचूप डिलीट करून मोकळं होऊ नका. दुरुस्ती तिथेच, तितक्याच ठळकपणे लिहा. फक्त रोग्याची माहिती गेली असेल तर ती आधी काढा, आणि दुरुस्तीत पुन्हा छापू नका.

७. ऑनलाईन आलेले प्रश्न सेशनच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचवा. त्यांची उत्तरं परत लिहा. नाहीतर तो हॅशटॅग म्हणजे नुसता लाऊडस्पीकर.

ही डोकेदुखी डॉक्टरांनाही सुटलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या नियमावलीत डॉक्टरांनी सोशल मीडियावर कसं वागावं याचं वेगळं प्रकरण होतं. सल्ला-औषध उघड्या माध्यमावर देऊ नये, रोग्यांचे फोटो-स्कॅन टाकू नयेत, असं त्यात होतं. इतर काही तरतुदींवरून वाद झाला आणि त्याच महिन्यात ती नियमावली स्थगित झाली. म्हणजे नियम कागदावर येतील तेव्हा येतील. तोपर्यंत शहाणपण आपलं आपणच वापरायचं.

शेवटी

सेमिनारला मला प्रश्न आला होता, "मग सोशल मीडिया आरोग्यासाठी चांगला की वाईट?" मी तेव्हा दहा वाक्यं बोललो. आज एवढंच सांगेन की तो रस्ता आहे. त्यावरून मीठ-पाणीही जातं आणि १८,५०० घरभेटींची माहितीही जाते. रस्ता नीट बांधणं हे इंजिनिअरचं काम आहेच. पण ज्याच्या दारात आपण काही टाकतो, त्याने ते उचललं का, त्याला ते कळलं का, हे विचारायला परत जाणं हेही आपलंच काम आहे.

रूम पार्टनर आता ठणठणीत आहे. मेसमध्ये माझ्या ताटातली चपाती उचलण्याइतका! त्याचे वडील गणपतीत आले होते. त्यांनी मला एक मेसेज दाखवला, कसल्यातरी काढ्याचा, खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' म्हणाले, "हे खरं आहे का रे बाळा? मी अजून पुढं पाठवलं नाही. म्हटलं आधी तुला विचारू."

मी लगेच उत्तर दिलं नाही. दोघं मिळून आधी पूर्ण वाचला, आणि मग डॉक्टर मॅडमना फोन लावला.